कडुनिंबाने धरलेला जावई

माझी साखरपुड्यातली अंगठी देवळ्याजवळच्या एका कडुनिंबाच्या पोटात आहे. ती तिथे अगदी सुखरूप आहे, असं माझी बायको सोडून सगळ्यांचं मत आहे.

अंगठी तिथे कशी पोचली याची माझ्या सासुरवाडीत एक फार हृदयस्पर्शी गोष्ट सांगतात. ती ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावतात. यंदा तर एका काकूंनी मला वाकून नमस्कार केला! त्या गोष्टीतलं एक अक्षरही खरं नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातला एक मी. (गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची नावं बदलली आहेत, आणि सासुरवाडीत माझं लिहिलेलं कोणीही वाचत नाही, याची मी नीट खात्री करून घेतली आहे.)

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे समोर आलेला प्रत्येक नग खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तो नाइलाजाने चांगला निघालाच तर पास करायचा, या कामाचा मला पगार मिळतो. हा स्वभाव संध्याकाळी गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याची काकडी, डॉक्टरांचं निदान आणि नातेवाइकांनी केलेलं कौतुक, तिन्ही मी उजेडात धरून बघतो. "तुम्ही ना," माझी बायको रेखा म्हणते, "स्वतःच्या तिरडीवरून उठून बांबू तपासाल!"

(तपासेन. हल्ली बांबू कुठे चांगले येतात?)

त्यातही माझा खास राग आहे तो झाडांनी गिळलेल्या वस्तूंच्या गोष्टींवर. तुम्हालाही मोबाइलवर असले फोटो येत असतील. झाडाच्या खोडात रुतलेली सायकल, आणि खाली मजकूर, की युद्धावर जाताना एका तरुणाने ही सायकल झाडाला टेकवली, 'येतो' म्हणाला, तो काही आला नाही, पण झाडाने सायकल हृदयाशी धरली. अहो, दरवेळी तरुणच कसा? दरवेळी युद्धच कसं? एखाद्या आळशी माणसाने पंक्चर झालेली सायकल झाडाला टेकवली आणि सरळ विसरून गेला, असं जगात एकदाही घडलं नाही? झाडाला हृदय नसतं हो! त्याला वाढायचं असतं, आणि मध्ये येईल त्याच्यावरून ते वाढतं. मी हे सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं होतं. त्यानंतर माझा मेहुणा संजय याने मला ग्रुपमधून काढलं. (चुकून बोट लागलं म्हणे.)

अशा माणसाच्या सासुरवाडीच्या अंगणात नेमकं काय असावं? साखळी गिळलेलं झाड!

कडुनिंब चांगला जुना, कांद्याच्या चाळीला लागून. बुंध्याला कमरेच्या खाली, गुडघ्याच्या वर एक ढोली आहे, जेमतेम हात जाईल एवढ्या तोंडाची. ढोलीच्या खालच्या कडेतून गंजलेल्या साखळीच्या थोड्या कड्या बाहेर लोंबतात. बाकीची साखळी झाडाच्या पोटात. आणि या लोंबत्या कड्यांना माझ्या सासुरवाडीत देवघरातल्या टाकांच्या खालोखाल मान आहे.

कारण जिजाआत्या. जिजाआत्या म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची बहीण, वय ऐंशीच्या पुढे, सासर कळवणकडचं. देवळा-बागलाण भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. लेकीला आणायला माहेरहून भाऊ नाहीतर भाचा जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय बाईने आपण होऊन माहेरची वाट धरायची नाही, असा जुना मान. तर गोष्ट अशी, की जिजाआत्याच्या थोरल्या भावाने लाडक्या बहिणीसाठी या कडुनिंबाला झोका बांधला, तोही साधा दोराचा नाही, लोखंडी साखळ्यांचा. पुढे भाऊ गेला, वादळात झोक्याची फांदीही गेली, पण बुंध्याला गुंडाळलेलं साखळीचं टोक झाडाने सोडलं नाही. आजही जिजाआत्या आखाजीला आली की पाणीसुद्धा न पिता आधी झाडाशी जाते, साखळीला हळदकुंकू लावते, आणि हात लावून उभी राहते.

लग्न झाल्यापासून मी हे बघत आलो होतो, आणि लग्न झाल्यापासून माझी जीभ वळवळत होती.

गेल्या आखाजीला त्या जिभेने माझं ऐकलं नाही. संजयची मुलगी पूनम, तिची लग्नानंतरची पहिली आखाजी. तिचा नवरा अक्षय पुण्यात कॉम्प्युटरवाला, त्याला आणि त्याच्या आईवडिलांना दुपारच्या जेवणाचं आमंत्रण. आम्ही आदल्या दिवशीच नाशिकहून आलो होतो आणि जिजाआत्याला संजय स्वतः जाऊन घेऊन आला होता. सकाळी चहा घेता घेता संजय कार्यक्रम ठरवत होता.

"दाजी, असं करू. व्याह्यांना आधी झाड दाखवू, मग पानावर बसवू. साखळीची गोष्ट ऐकली का माणूस हळवा होतो. हळव्या माणसाला मांडे लय गोड लागतात."

"संजय," मी म्हणालो, "झोक्याला साखळ्या किती लागतात?"

"दोन."

"झाडात किती आहेत?"

संजयने चहाचा एक घोट घेतला. अजून एक घेतला. "एक."

"दुसरी कुठंय?"

"ती झाडाने पूर्ण गिळली!"

हे उत्तर आमच्या कारखान्यात चालत असतं तर मी कधीच मॅनेजर झालो असतो.

"आणि एवढी बारीक साखळी? तिच्यावर माणूस बसला असता तर..."

"आत्या तेव्हा बारीक होती," चुलीजवळून मंगलवहिनींचा, म्हणजे संजयच्या बायकोचा, आवाज आला.

रेखाने मला दंडाला धरून ओसरीवर नेलं. "हे बघा, आज पूनमच्या सासरचे येतायत. तुमचं इन्स्पेक्शन आज बंद! साखळी झोक्याची आहे. फार तर विमानाची आहे. तुम्ही फक्त मान हलवायची."

मी मान हलवली. पण ती हलवताना नजर झाडाकडेच होती.

बायका खापरावर मांडे टाकण्यात गुंतल्या. संजय आंबे पिळायला बसला. जिजाआत्या आत पडली होती. अंगणात मी आणि कडुनिंब, दोघंच. माझं म्हणणं सोपं होतं. ढोलीत हात घालायचा, आत दुसरी साखळी नाही एवढं बघायचं, हात धुवायचा, आणि कोणालाही काही न सांगता जेवायला बसायचं. (कोणालाही म्हणजे नाशिकला परत जाईपर्यंत.) मी मोबाइलचा उजेड टाकून बघितला. आत काळोख. मग गुडघे टेकले आणि उजवा हात आत सरकवला.

हात सहज गेला. मनगट गेलं, कोपरापर्यंत हात गेला. बोटांना साखळी लागली. तिच्या टोकाला लोखंडाचा एक वाकडा आकडा लागला. दुसरी साखळी? नाही! अजून चाचपलं, तर आकड्याशेजारी काहीतरी सुकून कडक झालेलं हाताला आलं. चपटं, लांबट. चामडं! आणि चामड्याला चक्क बक्कल!

झोक्याला बक्कल? अहो, आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचा माझा संशय असा हातात आला होता. मी तो हात विजयाने बाहेर ओढला.

हात आला नाही.

पुन्हा ओढला. उजव्या हाताच्या बोटातली अंगठी (साखरपुड्याला मी सडपातळ होतो, तेव्हाची) त्या आकड्यात गेली होती. ओढावं तसा आकडा अंगठी धरत होता, अंगठी बोट धरत होती, आणि बोट मला. मी हात फिरवला. अजून घट्ट. घाम फुटला. पण हाक मारायची कशी? मारली असती तर पहिला प्रश्न आला असता, 'हात आत कशाला घातला?'

तेवढ्यात शेजारच्या घरची म्हातारी आखाजीची पाण्याची घागर घेऊन अंगणातून निघाली. मी झाडापुढे गुडघ्यावर, कपाळ खोडाला टेकलेलं, डोळे मिटलेले. ती थबकली.

"बाई गं!" ती गहिवरली. "जावईबापू पाया पडी ऱ्हायनात!"

आणि माझ्या पाठीवर पाणी शिंपडून, डोक्यावर एक झेंडूचं फूल ठेवून निघून गेली. मी हललो नाही. हलता येतच नव्हतं.

ती घरात जाऊन बोलली असावी, कारण रेखा बाहेर आली.

"काय चाललंय?"

"काही नाही. सावलीत बसलोय."

"गुडघ्यावर?"

"बरं असतं पाठीला."

"हात कुठंय तुमचा?"

मी बघितल्यासारखं केलं. "आत आहे."

रेखाने हाक मारली ती अशी, की चाळीतले कांदेसुद्धा हलले असतील. संजय आमरसाने माखलेल्या हातांनी धावत आला, मागून पूनम, मागून उलथनं हातात घेतलेल्या मंगलवहिनी. संजयने एकदा मला बघितलं, एकदा ढोलीला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दाजी, आत धामण असते."

"असते का असायची?"

"गेल्या वर्षी होती. यंदा मी नाही बघितली. आता तुम्हीच सांगा."

मी सांगण्याच्या अवस्थेत नव्हतो. कारण त्याच क्षणी माझ्या मनगटावर काहीतरी गार सरकलं! मी जी किंकाळी फोडली तिचं वर्णन पूनमने नंतर 'सोनोग्राफीच्या मशिनसारखी' असं केलं. (तिने सोनोग्राफीचं मशिन कधी ओरडताना ऐकलंय कोण जाणे.) ते माझ्याच धडपडीने हललेलं चामडं होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर मी ओढून ओढून बोटाचं पार भजं केलं होतं.

"बिनविषारी शे, दाजी, बिनविषारी शे!" संजय माझी पाठ थोपटत राहिला. पाठीवर आमरसाचे पंजे उमटले.

मग उपाय सुरू झाले. आधी शेंगदाण्याचं तेल. ते ढोलीत ओतलं, पण ढोलीला उतार माझ्या बाजूचा, त्यामुळे निम्मं बाहीतून काखेपर्यंत आलं. मग मंगलवहिनी मांड्यांसाठी कढवलेलं तूप घेऊन आल्या. तूप, पाठीवरचा आमरस आणि कडुनिंबावरचे मुंगळे, यांची गाठ पडायला किती वेळ लागणार? "हलू नका," रेखा ओरडत होती. "हलतोय कुठे!" मी ओरडत होतो. शेजारचे दोघं आले, त्यांनी माझ्या कमरेला मिठी मारली, आणि विहिरीतून मोटार ओढतात तसं "हय्याऽ" करून ओढलं. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. हात तसूभरही आला नाही.

आणि मग एकदम मला कळलं, की बोट दुखायचं थांबलंय.

ते चांगलं नव्हतं. रेखाने देवळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर ते म्हणाले, "बधिर झालं असेल तर थांबू नका. रक्त चालत नसेल तर बोट हातचं जाईल. लगेच मोकळं करा आणि घेऊन या." इतका वेळ हसणारी पूनमही हसायची थांबली. मला खरंच भीती वाटली. बोट नसलेला इन्स्पेक्टर! मापं कशाने घेणार?

"आता दोनच रस्ते," संजय म्हणाला. "एक तर झाड, नाहीतर बोट."

"झाड!" रेखा म्हणाली.

(लगेच म्हणाली. जवळजवळ लगेच.)

संजयने शेजाऱ्याचं लाकूड कापायचं मशिन आणवलं. ढोलीचं तोंड कापून काढायचं, साखळी मध्ये आली की तीही तोडायची, असं ठरलं. संजयने दोरी ओढली. मशिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा गुरगुरलं, आणि तिसऱ्यांदा असं काही पेटलं की माझ्या हाताचे केस उभे राहिले. निदान दिसत होते तेवढे. ते पातं माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर फिरत होतं आणि संजयचे हात तुपाने निसरडे होते!

"थांब रे!"

जिजाआत्या. आवाजाने जागी होऊन बाहेर आली होती. पदर सावरत, काठी टेकत ती सरळ आली आणि झाडाला पाठ लावून माझ्या शेजारी बसली. संजयने मशिन बंद केलं.

"आत्या, दाजींचं बोट जाईल."

"झाडले हात लावानं नही."

"साखळी नवी बसवू आपण. अशीच जुनी आणून..."

आत्याने त्याच्याकडे असं बघितलं, की संजयचं वाक्य तिथेच संपलं. मग ती सगळ्यांना म्हणाली, "घडीभर तथा व्हा. माले जावईबापूसंगे बोलनं शे."

सगळे चाळीपर्यंत मागे सरले. रस्त्याच्या वळणावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. व्याही! आत्या माझ्या कानाशी वाकली.

"वढू नका. आत ढकला. मंग मनगट फिरवा, आकडा सोडी दी."

आता खरं तर मी निमूट ढकलायला हवं होतं. बोट जात होतं, मशिन तयार होतं, पाहुणे दारात होते. पण स्वभाव! मी म्हणालो, "आत आकडा आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

आत्याने चाळीकडे एकदा बघून घेतलं.

"मीच सोडू ना त्याले रोज."

"कोणाला?"

"वाघ्याले."

"वाघ्या कोण?"

"कुत्रा व्हता आम्हना. बहू खवीस. मना मालक माले लेवाले उनात, तं त्यासले चावना. मंग भाऊनी त्याले आठे बांधा."

मी तुपात, मुंगळ्यांत, गुडघ्यावर, आणि तरीही माझ्या छातीत बँड वाजायला लागला. नवऱ्याला चावलेल्या कुत्र्याची साखळी! आणि ते बक्कल म्हणजे गळ्यातला पट्टा! "म्हणजे ही झोक्याची नाहीच!" मी जवळजवळ ओरडलो.

"हळू बोला," ती म्हणाली. "झोका दोरना व्हता."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण तिच्यासारखं मला सांगता येणार नाही. फांदी पडली, झोका गेला. एकेक करून भाऊ गेले. भाचे आपापल्या संसाराला लागले. एका आखाजीला तिला न्यायला मुराळी आलाच नाही. ती पिशवी भरून, नवं लुगडं नेसून दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसली. सासरच्या बायका येता-जाता विचारत होत्या, 'काय, अजून नाही आला?' दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तिने मान गुंडाळून ठेवला आणि एकटीच एसटीने आली. अंगणात उभी राहिली तेव्हा सगळे बघत होते, ही आपण होऊन कशी आली म्हणून. काय बोलावं सुचेना. समोर साखळी दिसली. तिने साखळीला हात लावला आणि रडत रडत म्हणाली, 'मना भाऊनी मनाकरता बांधेल शे.' ते ऐकून भाचे गलबलले. त्या वर्षापासून एकाही आखाजीला मुराळी चुकलेला नाही.

"साखळी शे, म्हनीसन माहेर शे," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून जरा मिष्कीलपणे म्हणाली, "आनि मी खोटं काय बोलनू? मनाकरताच बांधेल व्हती ना! मना मालकले परत चावाले नको म्हनीसन!"

मला हसू आलं.

"ढकला आते."

मी ढकललं. तिच्या सांगण्याप्रमाणे मनगट फिरवलं. इतका वेळ घट्ट धरून बसलेला आकडा सैल झाला, तुपाने आपलं काम केलं, आणि बोट अंगठीतून सुळकन सुटलं. मी मागच्या मागे अंगणात पडलो, नेमका गाडीतून उतरणाऱ्या व्याह्यांच्या पायाशी.

"अरे वा," व्याही गोंधळून म्हणाले, "असू द्या, असू द्या. सुखी राहा!"

बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं, पण हललं. रेखाने ते धरलं आणि पहिल्यांदाच रडली. मंगलवहिनींनी पाणी आणलं. संजयने दोन वाक्यांत व्याह्यांना सगळी हकिकत सांगितली, साखळी, झोका, भाऊबहीण, आणि शंका घेणारे दाजी. अक्षयने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. शिकलेला पोरगा, नजर माझ्यासारखीच. मला तो लगेच आवडला आणि लगेच नकोसा झाला.

"काका, मग आत काय सापडलं? खरंच झोक्याची साखळी आहे?"

"हां, सांगा दाजी!" संजय म्हणाला. "तपासायलाच गेले होते ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिजाआत्या तेवढी बघत नव्हती. ती काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत होती. तिने मला 'सांगू नका' असं म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. बोट वाचवायला तिने आपलं माहेर माझ्या हातात दिलं होतं, आणि हातही तोच, संशयाने आत गेलेला.

आयुष्यभर मी खराब नग पास केलेला नाही. साहेबांनी दटावलं तरी नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नाही.

"झोक्याचीच आहे," मी म्हणालो. "मी हाताने बघितलं. दुसरी साखळीही आत आहे."

"बघा!" संजय नाचायचाच बाकी होता. "मी सकाळीच म्हणालो होतो! झाडाने पूर्ण गिळली!"

आत्याची काठी थांबली. तिने वर बघितलं नाही, पण पदर जरा डोळ्यांकडे गेला.

"तुमची अंगठी?" रेखाने माझं बोट उलटसुलट करून विचारलं.

"आत राहिली."

"आत? सोन्याची! माझ्या माहेरून घातलेली! काढा की मग!"

मी ढोलीकडे बघितलं. ढोलीने माझ्याकडे. "नको," मी म्हणालो. "राहू दे. तिथेच बरी आहे."

बस! एवढं ऐकलं आणि व्याहीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बहिणीच्या झोक्याला जावयाने सोनं वाहिलं हो!" त्या म्हणाल्या. संजयने ते वाक्य तिथेच उचललं. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन, बोटाला पट्टी बांधून, मांडे आणि आमरस खायला परत येईपर्यंत गोष्ट गावभर झाली होती. संध्याकाळपर्यंत तिच्यात मला स्वप्नात दृष्टांतही झाला होता. शेजारची म्हातारी साक्षीदार होती. तिने मला पाया पडताना बघितलं होतं ना!

रेखा नाशिकपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग घराच्या दारात म्हणाली, "तुम्ही? आणि श्रद्धा?" तिने ते इतक्या खोल संशयाने विचारलं, की मला तिचा अभिमान वाटला. मी फक्त मान हलवली. शिकवलं तिनेच होतं.

यंदाच्या आखाजीला गेलो तर संजयने ढोलीभोवती चौथरा बांधून घेतलेला. साखळीला गेरू. जिजाआत्या माझ्या हाताला धरून झाडापर्यंत आली, साखळीला कुंकू लावलं, आणि उरलेलं चिमूटभर माझ्या कपाळाला. गर्दी पांगल्यावर अक्षय हळूच माझ्याजवळ आला.

"काका, राग मानू नका. पण झोक्याला बुंध्याशी साखळी? आणि सोन्याची अंगठी आपण होऊन झाडात? कोणी शहाणा माणूस असं करेल का? मला नाही पटत."

मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या बोटातल्या नव्या कोऱ्या अंगठीकडे.

"शंका रास्त आहे," मी म्हणालो. "हात घालून बघा."

त्याने ढोलीकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं, आणि दोन्ही हात खिशात घातले. पोरगा हुशार आहे. पूनमने नवरा तिच्या रेखाआत्यापेक्षा नक्कीच चांगला निवडलाय!